इंजिनाला तळणाचा वास

प्रमोद मेकॅनिक येईपर्यंत चहा घ्यायचा नाही असं कोणी ठरवलं नव्हतं, पण घेतला कोणीच नाही. अंजनीने ट्रे तसाच पाण्याच्या पिंपावर ठेवून दिला. कपांवर साय धरली.

लॉनच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा नवरा चंदर लग्नातली लाल गादीची खुर्ची ओढून बसला होता. धाकटा दीर सुजित मशीनच्या मागच्या चाकाला टेकून जमिनीवर उकिडवा. दोघा भावांच्या मधोमध बाबांचं मशीन. बसून चालवायचं, गवत कापायचं. दिसायला ट्रॅक्टरचं शेंडेफळ. अंबरनाथ एमआयडीसीतली एक कंपनी बंद पडली तेव्हा तिच्या गेस्ट हाऊसच्या बागेतलं हे धूड हिराजीबाबांनी उचलून आणलं होतं. वालाच्या शेतावर लग्नाचं लॉन झालं ते त्याच वर्षी. "लोक जमीन विकून गाडी घेतात, मी गवत भादरायला गाडी घेतली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि स्वतःच हसत. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली. मशीन अजून त्यांच्याच नावाने ओळखलं जाई.

चार दिवसांपूर्वी लॉनच्या ऐन मध्यावर ते धाडकन थांबलं होतं. त्याआधी पंधरवडाभर धूर ओकत होतं. तेव्हा प्रमोदनेच येऊन कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, पैसे घेतले आणि 'आता वर्षभर बघायला नको' म्हणून गेला. त्याचं वर्ष आठवडाभरातच संपलं.

आज रात्रपाळी सुटल्यावर तो कंपनीच्या कपड्यांतच आला. मोटारसायकल लावतो न लावतो तोच चंदरने तोंड उघडलं.

"या डॉक्टर. मागच्या टायमाला सर्दीचं औषध देऊन गेलात. पेशंट कोम्यात गेला."

"शेठ, धूर बघून मला वाटलं पेट्रोल जास्त ओढतंय," प्रमोदने पिशवी खाली ठेवली. "चुकलं माझं. आज खोलूनच बघतो, त्याची मजुरी नको."

गोदूबाई खांबापाशी पाट टाकून बसली होती. सासूचं काम असं काही नव्हतं तिथे. पण मशीनला कोणी हात लावणार म्हटलं की ती येऊन बसेच. अंजनी तिच्या मागे उभी राहिली. मार्गशीर्षातला गुरुवार होता. घरात घट मांडलेला, अंजनीच्या पोटात सकाळपासून फक्त पाणी. या दिवशी घरात वेडावाकडा शब्द निघू नये म्हणून ती फार जपे. आज तो निघणार हे तिला नवऱ्याच्या मानेवरच्या शिरेवरून कळत होतं.

प्रमोदने प्लग काढला. वरचं झाकण काढून इंजिनाचं चाक दोन्ही हातांनी फिरवायला गेला. चाक ढिम्म. त्याने पाय रोवून जोर लावला, पाठीवरचा शर्ट ताणला, पण चाक काही हललं नाही.

"जाम आहे," तो म्हणाला. खाली थाळी सरकवून त्याने तेल सोडायचा बोल्ट ढिला केला.

आधी काहीच आलं नाही. मग काळीभोर तार लोंबायला लागली, जाड, चिवट, काकवीसारखी. ती थाळीत पडायची घाई करेना. आणि तिच्याबरोबर वास आला. इंजिनाचा नव्हे. दिवाळी आटोपल्यावर कढईच्या बुडाशी राहतो तो, खवट, करपट.

प्रमोदने चिमटीत तेल चोळलं, नाकाशी नेलं, आणि हसू आलंच त्याला. "शेठ, यात भजी कोणी तळली?"

कोणी हसलं नाही. त्याने हात पुसले.

"यात खायचं तेल आहे," तो आता सरळ बोलला. "इंजिन ऑइलमध्ये मिसळलंय, आणि थोडंथोडकं नाय. गरम होऊन होऊन त्याची राळ झाली. रिंगा चिकटल्या, तेलाच्या वाटा बुजल्या. आतला रॉड कोरडा पडला आणि क्रँकला धरून बसला. धूर यायचा तो ह्याचाच. मी उगाच कार्बोरेटरच्या मागे लागलो."

"खर्च बोल," चंदर म्हणाला.

प्रमोदने उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या पार्टवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे कोणीतरी नाश्ता करत होतं.

"साईं, ये मॉडल तो कब का बंद हो गया. पिस्टन मिलेगा तो रॉड नहीं मिलेगा, रॉड मिला तो क्रँक घिसाना पडेगा. काहे को सिर खपाते हो? पूरा इंजिन बदल डालो, पैंतालीस में बिठा के देता हूं."

चंदरने हात करून फोन बंद करायला लावला. "पंचेचाळीस हजार," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "आणि सोमवारी पाटलांच्या पोरीची हळद. अर्धं लॉन भादरलेलं, अर्ध्यात घोट्याएवढं गवत. हजार माणूस येईल आणि बघेल. हिराजी गेला नि पोरांनी मसणवटा केला, म्हणतील." मग त्याने मान वळवली. "सुज्या. तेलाचे पैसे कोण घेतो माझ्याकडून?"

"मी घेतो, दादा."

"तेल कुठाय?"

"तेल कमीच होत नव्हतं. दर हप्त्याला मापाची पट्टी काढून बघायचो, कायम वरच्या खुणेला. मी रिद्धीला पण बोललो होतो, बाबांचं मशीन बघ, तेल पीतच नाय."

"मग पैसे कोण प्यायलं?"

वेडावाकडा शब्द तो हाच. अंजनीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा धाकटी जाऊ रिद्धी स्वयंपाकघराच्या दारातून शेडकडे येत होती, ओले हात पदराला पुसत.

"लॉनवरच गेले," सुजित म्हणाला. "खत आणलं. पाइप फुटला होता. मी हिशोब नाय ठेवला, दादा, ते चुकलं."

"कॅटररचं जळकं तेल तिथं डब्यांत पडलेलं असतं." चंदरने शेडच्या मागे बोट केलं. "फुकटचं तेल मशीनला आणि मशीनच्या तेलाचे पैसे बाटलीला. मला येडा समजतो काय? बाबा असताना पण तू हेच करायचास. बाबांनी झाकलं. मी नाय झाकणार."

सुजित उठून उभा राहिला. बाबांच्या तेराव्याला कार्ल्याचा डोंगर अनवाणी चढून एकवीरेच्या पायरीवर त्याने दारू सोडली होती. भावकीत पैजा लागल्या होत्या, किती दिवस टिकतो म्हणून. पैजा लावणारे थकले, हा टिकला. सकाळी दव सुकलं की मशीनवर बसायचा तो उन्हं डोक्यावर येईस्तोवर. लॉनवरची एकेक पट्टी शिंप्याने आखावी तशी. दारूपायी गेलेली पत त्याला या गवतात परत सापडली होती, हे अंजनीला दिसत होतं. तिच्या नवऱ्यालाही दिसत होतं. म्हणून तर शब्द इतका नेमका लागला.

"एकवीरा आईच्या पायरीवर हात ठेवलाय मी," सुजितचा आवाज चिरकला. "थेंब नाय घेतला. तेलात मी काय नाय घातलं."

"मग काय भुताने घातलं? चावी तुझ्याकडे, शेड तुझ्याकडे."

अंजनीच्या कानात मघाचं वाक्य अडकून बसलं होतं. तेल पीतच नाही. आणि एकदम, वीज गेल्यावर घरातल्या वस्तू आठवणीने दिसाव्यात तसं, तिला सगळं दिसलं.

श्रावणातला शनिवार. गोदूबाई दर शनिवारी मारुतीला तिळाचं तेल घालून येई. वाटी अंजनीच भरून देत असे. त्या दिवशी नणंदेचा फोन आला म्हणून सासूला हाक मारायला ती शेडकडे गेली, आणि दारातच थांबली. सासूच्या डाव्या हातात इंजिनाचं झाकण. उजव्या हातात वाटी. देवाला घालून उरलेल्या तेलाची बारीक धार आत जात होती आणि म्हातारी पुटपुटत होती, "पी रे राजा. पी. लय राबतंस."

अंजनी नवी नवरी होती तेव्हा गोठ्यात बैल होते. नांगरणीच्या आधी हिराजीबाबा बैलाचं तोंड वर धरत आणि गोदूबाई बांबूच्या नळीने त्याच्या घशात तिळाचं तेल ओतत असे. हाडाला वंगण लागतं, म्हणे. बैल गेले, शेत गेलं, पाजायची सवय कुठे जाणार? धन्याचं जनावर शेडमध्ये उभं होतं. धनी नव्हता.

तेव्हा अंजनीला वाटलं होतं, करू दे. म्हातारीचं मन. देवाचं तेल आहे. आणि त्याच्याही खाली आणखी एक विचार होता, तो तिने तेव्हा नीट वळून पाहिला नव्हता: मशीन सुजित भावजींच्या अंगावर आहे, काही झालं तर ते निस्तरतील. ती पाय न वाजवता परत फिरली होती. नणंदेला सांगितलं, आई देवळात आहेत.

"ऐक," चंदर बोलत होता. "इंजिनाचे पैसे तू भरायचे. नसतील तर लॉनमधून हात काढ. चावी ठेव इथं. मी समर्थला पुण्याहून बोलावतो. शिकलेला आहे, कॉम्प्युटरवर बुकिंग घेईल."

समर्थ. तिचाच मुलगा. पुण्यात एका खोलीत चौघे राहतात, फोनवर कधी जेवलो का ते धड सांगत नाही. तो घरी येईल. त्यासाठी अंजनीने काहीच करायचं नव्हतं. फक्त आत्ता उभी आहे तशी उभी राहायचं होतं. आत घटापुढे समई तेवत होती. गप्प राहणं हेही बोलणंच असतं, हे तिला आजच्या दिवशी फार स्पष्ट कळलं.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच खालचा. कोणी लक्ष दिलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, "अहो, ऐका. भावजींनी नाही घातलं."

चंदर वळला.

"आईंनी घातलंय. शनिवारचं. मारुतीचं उरलेलं. बैलाला पाजायच्या ना, तसं. त्यांना काय ठाऊक असणार इंजिनाचं. मी पाहिलंय."

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. गोदूबाईचे हात मांडीवर होते. ते तिने पदराखाली घेतले.

अंजनी वाट बघत राहिली. आता म्हातारी म्हणेल, हो रे बाबा, मीच गं बाई ती. चंदर कपाळाला हात लावेल, सुजित खाली बसेल, कोणाला तरी रडू येईल, आणि मग त्या गार चहाकडे कोणाचं तरी लक्ष जाईल.

"मी?" गोदूबाई म्हणाली. "मना ठाव पन नाय त्याचा झाकन कुठं हाय ते."

"आई..."

"माझ्यावर का आळ घेतंस गो? मी काय केला तुझा?"

अंजनीला तिच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि ती कसली हेही कळलं. पावसाळ्यात दोनदा गॅस चालू राहिला होता. तेव्हापासून चंदर म्हणत होता, आईला आता कळत नाही, तिला आपल्या कुलगावच्या फ्लॅटवर ठेवू, एक बाई लावू. तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड. या अंगणात जन्म काढलेली बाई. पंचेचाळीस हजारांचं इंजिन तिने बैल समजून मारलं, हे आज कबूल केलं तर उद्या तिचं बोचकं बांधलं जाणार होतं.

"प्रमोद," चंदरने विचारलं, "तिळाचं तेल आहे का तळणाचं? बोल."

प्रमोदने पुन्हा थाळीवर नाक नेलं. आपण या घरात नसतो तर बरं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "खायचं तेल, एवढंच कळतं शेठ. जळल्यावर सगळी सारखीच."

"अंजनी," चंदर हळू बोलला. तो हळू बोलला की जास्त लागे. "सत्तरीच्या म्हातारीवर ढकलतेस? आज गुरुवारचा उपास धरून? दिराचा एवढा पुळका?"

शेवटचा शब्द ऐकून रिद्धीने झटकन वर पाहिलं. आधी चंदरकडे, मग अंजनीकडे.

सुजितनेही पाहिलं, पण आईकडे. फार वेळ नाही. पदराखालचे हात, वाकलेली मान, एका जागी न टेकणारे डोळे. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं, पाणी ओसरल्यावर दगड दिसावेत तसा तो दिसायला लागला.

"वहिनी खोटं बोलतात," तो म्हणाला. "मला वाचवायला. मीच घातलं, दादा. कॅटररचं."

"भावजी!" अंजनी पुढे झाली.

"मीच घातलं म्हणतोय ना!" तो तिच्यावर ओरडला. आजवर तिच्यासमोर त्याचा आवाज चढला नव्हता. मग तिच्याकडे न बघता, खालच्या आवाजात, "राहू दे, वहिनी."

"आणि पैसे?" चंदर म्हणाला.

सुजितने एकदा रिद्धीकडे पाहिलं. अंजनीला वाटलं, तो इथे थांबेल. एवढं तरी स्वतःसाठी राखील.

"प्यायलो," तो म्हणाला.

चावी त्याने मशीनच्या सीटवर ठेवली. उल्हासनगरला एका मित्राचं कापडाचं गोदाम होतं, तिथे ड्रायव्हर लागतो, एवढं बोलून तो फाटकाकडे गेला. सोमवारी हळद होणार होती त्या गवतातून तो गेला. भादरलेल्या अर्ध्यातून नव्हे, वाढलेल्या अर्ध्यातून. चंदर प्रमोदला म्हणत होता, "तू सांग त्या साईंला, आजच इंजिन काढून ठेव, चाळीस देतो, वर एक दमडी नाय."

दुपारी घरात कोणी जेवलं नाही. अंजनीला तर जेवायचंच नव्हतं. गोदूबाई स्वयंपाकघरात सूप घेऊन वाल सोलत बसली होती. रात्री भिजवलेले, मोड आलेले. सालं वेगळी, दाणे वेगळे. हात सराईत चालले होते.

रिद्धी पिशवी घेऊन दारात आली. डोळे कोरडे, नाकाचा शेंडा तेवढा लाल.

"ताई, तुम्ही घरातल्या मोठ्या. देवाधर्माच्या. एकच सांगा," ती म्हणाली. "ते प्यायले होते?"

"नाही."

"कशावरून?"

"मी पाहिलंय गं, कोणी घातलं ते."

"ते तर म्हणतात तुम्ही खोटं बोलता. सगळ्यांसमोर म्हणाले. ते खोटे की तुम्ही खोट्या? एक कोणीतरी आहेच ना." तिने पिशवी खाली ठेवली. "दोन वर्षं मी रोज त्यांच्या तोंडाचा वास घेत झोपले, ताई. नवरा शेजारी झोपला की बायका काय काय करतात, मी वास घ्यायचे. आताआता कुठे सोडलं होतं ते. आणि मी सोडलं तेव्हाच..."

अंजनीचा खरा शब्द, जो तिने उंबऱ्याच्या आत-बाहेर आयुष्यभर जपला, ज्याच्यावर या घरात डोळे झाकून विश्वास ठेवला जाई, तो सकाळी त्या शेडमध्ये संपला होता. ती खरं बोलली होती आणि तिच्या बोलण्याला आता किंमत उरली नव्हती.

रिद्धी सासूकडे वळली. "आई, तुम्ही सांगा. तुम्ही एक शब्द बोला फक्त. मी उल्हासनगरला जाते, गोदामात राहते त्यांच्याबरोबर. कुठेपण राहते."

गोदूबाईची बोटं थांबली. एक दाणा चिमटीत राहिला, अर्धा सालीतून बाहेर आलेला.

मग तिने दाणा सोलला, भांड्यात टाकला आणि दुसरा घेतला.

रिद्धीने वाकून दोघींच्या पाया पडायची रीत केली, आधी सासूच्या, मग मोठ्या जावेच्या, आणि पिशवी उचलली. फाटकाबाहेर रिक्षा होती. "अंबरनाथ," ती म्हणालेली ऐकू आली. अंबरनाथला तिचं माहेर.

रिक्षाचा आवाज गावच्या वळणावर नाहीसा झाल्यावर गोदूबाई बोलली. वर न बघता, सुपातल्या वालांशी बोलावं तशी.

"तू बघत होतीस ना? त्या दिशी, दारात. मना पावलांचा आवाज आला होता."

अंजनी म्हणाली, "हो."

"मंग तवाच येऊन माझा हात का नाय धरलास?"

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. म्हातारी खरंच विचारत होती. एवढं एक तिला समजत नव्हतं आणि सांगणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

अंजनी तिच्यासमोर खाली बसली. सुपाची एक कड धरून तिने ते आपल्या बाजूला ओढलं, मूठभर वाल घेतले आणि सोलायला लागली.